बारं मोड

“मोड म्हणजे मटकीला येतात तेच का हो?” पंकजा मॅडमनी मोबाईलच्या पडद्यातून विचारलं, आणि गोरक्षला हसावं की रडावं तेच कळेना.

मोबाईल ओट्यावर पाण्याच्या हंड्याला टेकवून उभा केला होता. मॅडम कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात बसल्या होत्या. जहाजांवर अपघात का होतात आणि पुन्हा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे बघणं त्यांचं काम. बाई मराठीच, पण डोंबिवलीची. वाफ्यात पाणी शिरताना त्यांनी पाहिलं असलंच तर गाडीच्या काचेतून. स्वभावाने मात्र सरळ होत्या. कळलं नाही की तसं तोंडावर सांगत आणि पुन्हा विचारत.

“न्हाई मॅडम, त्यो मोड येगळा,” गोरक्ष म्हणाला. “ह्ये बारं मोडनं. आमी कांद्याला पानी देतो ना, तवा एक वाफा भरला की त्याचं तोंड बुजवायचं आन् पुढच्याचं उघडायचं. पानी वळवायचं. त्याला आमी म्हनतो, बारं मोड.”

“आणि जहाजावर?”

“तिथंबी तेच. टाकी भरली की तेल पुढच्या टाकीत वळव.”

मॅडमनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, वैजनाथ आला की त्यालाही हेच विचारते, तो काय म्हणतो ते बघू. गोरक्षने रस्त्याकडे पाहिलं. वैजनाथ अजून यायचा होता. त्याच्या घरात रेंजच येत नसे म्हणून बोलणं गोरक्षच्या ओट्यावरून करायचं ठरलं होतं.

पुणतांब्यात गोरक्ष ‘टँकरवर असतो’ एवढंच लोकांना ठाऊक. आता आपल्याकडे टँकर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येणार? पाण्याचा! एका उन्हाळ्यात तर पलीकडच्या वस्तीवरच्या कडूबाईने, लग्नघरात पाणी नाही, तेवढा टँकर पाठव, म्हणून त्याला थेट आखातात फोन लावला होता. गोरक्षचा टँकर म्हणजे तेल वाहणारं जहाज, अख्खी गल्ली आडवी मावेल एवढं. तो त्यावर पंपमन होता. टाक्या भरणं, रिकाम्या करणं, पंप आणि व्हॉल्व्ह नीट राखणं, हे त्याचं काम. ते त्याला मनापासून आवडे. डिप्लोमाला असताना मास्तर म्हणाले होते की शेतकऱ्याचं पोर समुद्रावर टिकायचं नाही. गोरक्ष नुसता टिकला नाही, त्याने चुलत भावालाही खलाशी म्हणून ओढून नेलं. तोच हा वैजनाथ.

भरसमुद्रात आपल्या गावचं माणूस शेजारी असणं ही काय चैन असते ते गेलेल्यालाच कळतं. जहाजावर केरळचे, फिलिपिन्सचे, कुठकुठले लोक. वॉकीटॉकीवर सगळ्यांनी इंग्रजीतच बोलायचं असा कडक नियम. पण जहाज जुनं, डेकवरची व्हॉल्व्हची चाकं हातानेच फिरवायची, आणि घाईच्या वेळी इंग्रजी जिभेवर येईपर्यंत टाकी भरून जायची. मग या दोघांनी आपला कारभार सुरू केला. “वैजा, बारं मोड,” गोरक्ष म्हणे. “व्हय,” वैजनाथ म्हणे. पुढच्या टाकीचं तोंड उघडलं जाई, मागच्या टाकीचं बंद होई. इतकं बिनचूक की मुख्य अधिकारीसुद्धा कानाडोळा करत. नियम मोडत होता खरा, पण काम लोण्यासारखं चालायचं आणि दोघांना त्याची मजाही वाटायची.

दिवाळीआधी आखातातल्या एका बंदरात तेल भरताना ते सगळं अंगाशी आलं. चौथी टाकी काठोकाठ आली. गोरक्षने सांगितलं, “वैजा, बारं मोड.” “व्हय,” असं उत्तर आलं. आणि पुढे काहीच झालं नाही. टाकीतून तेल उसळून डेकवर आलं, सांडलेलं अडवायला डेकच्या कडेला असतात त्या पट्ट्या ओलांडून थोडं समुद्रातही गेलं. गोरक्षने धावत जाऊन आधी पाचव्या टाकीचं आणि मग चौथीचं चाक फिरवलं. वैजनाथ तिथे नव्हताच. तो सापडला दोरखंडांच्या ढिगाआड, कानाला मोबाईल लावून. बंदर जवळ असल्यामुळे रेंज आली होती, आणि गावाकडे त्याचा तान्हा ओम फोनवर ऊं ऊं करत होता.

तेल भरत असताना डेकवर साधा मोबाईल बाहेर काढणं म्हणजे गुन्ह्यातला गुन्हा. हवेत तेलाची वाफ भरलेली असते, एक ठिणगी पडली की जहाज, धक्का, माणसं, सगळ्याचा कोळसा. वैजनाथने पाय धरले. म्हणाला, दादा, एवढं पोटात घाल, न्हाईतर माझं समुद्रावरचं नाव कायमचं पुसतील. गोरक्षने पोटात घातलं. कप्तानाला सांगितलं की आमच्या बोलण्यात गडबड झाली, फोनचा उल्लेखही केला नाही. त्याला वाटलं, दोघांत वाटून घेतली की शिक्षा हलकी होईल. भावकीत एवढं करतातच माणसं.

झालं भलतंच. जहाजावरही विमानासारखी आवाज टिपून ठेवणारी पेटी असते. तिच्यात त्याचं ‘बारं मोड’ स्वच्छ निघालं. आणि कंपनीने त्याचा अर्थ विचारला तेव्हा वैजनाथने बेधडक सांगितलं की बारं मोड म्हणजे काम संपलं, आवरा. दादाने सांगितलं म्हणून मी निघून गेलो. गोरक्षला घरी पाठवलं. वैजनाथची रजा संपत आली होती आणि त्याला पुढच्या जहाजाचं बोलावणंही आलं होतं.

गोरक्षने अर्ज करून करून मॅडमना आजच्या बोलण्याला तयार केलं होतं. आज खरं निघालं तर तो पुन्हा समुद्रावर जाणार होता. नाही निघालं तर त्या कंपनीतच काय, दुसऱ्याही कुठल्या जहाजावर त्याला कोणी उभं करणार नव्हतं. परवा संध्याकाळी वैजनाथने गंगेत गुडघाभर पाण्यात उभं राहून शब्द दिला होता. गोदावरीला आमच्याकडे कोणी गोदावरी म्हणत नाही. ओंजळीत पाणी घेऊन तो म्हणाला होता की फोनचं नको काढू, पण शब्दाचा अर्थ मी खरा सांगतो. नीट ऐकू न येताच व्हय म्हटलं असं सांगेन, थोडी सजा मलाही होईल, होऊ दे. गोरक्षला भरून आलं होतं. घरी येऊन त्याने बायकोला, अश्विनीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली की पाण्यातला शब्द वाळल्यावर बघू.

वैजनाथ आला तो आईला घेऊन. रतनबाईचे गुडघे गेलेले, तरी ती ओट्याची पायरी चढून भिंतीला टेकून बसली. गोरक्षला बरंच वाटलं. आई देवाघरी गेली तेव्हा तो अंगणात रांगत होता, आणि या चुलतीनेच त्याला एका मांडीवर अन् वैजनाथला दुसऱ्या मांडीवर घेऊन वाढवलं. तो तिला नानी म्हणायचा. तिच्यासमोर वैजा खोटं बोलणार नाही, अशी त्याला खात्री होती.

मॅडमनी पेटीतला आवाज ऐकवला. ‘वैजा, बारं मोड.’ ‘व्हय.’ स्वतःचाच आवाज ऐकून गोरक्षच्या अंगावर काटा आला. किती निर्धास्त आवाज होता तो!

“आता तुम्ही सांगा वैजनाथ, याचा अर्थ काय?”

वैजनाथने घसा खाकरला. “म्या आदी सांगितला तोच, मॅडम. बारं मोड म्हंजी पानी द्यायचं सपलं. आवरा. म्हनून मी चहाला गेल्तो.”

गोरक्षला आधी वाटलं, आपल्याच कानात काही बिघडलं. त्याने वैजनाथकडे पाहिलं. तो हंड्यावरच्या झाकणाकडे बघत होता. मग मात्र गोरक्षच्या डोक्यात तिडीक गेली.

“मॅडम, ह्यो डेकवर मोबाईलवर बोलत हुता,” तो म्हणाला. “तेल भरताना. भाऊ हाय म्हनून मी झाकलं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हे तुम्ही आत्ता सांगताय, तुमच्या आधीच्या दोन्ही जबाबांत फोनचा शब्द नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. वैजनाथने लगेच हात जोडले आणि म्हणाला की अंगावर आलं की दादा असं काहीही बोलतो. बाईपुढे दोन भाऊ आणि दोन अर्थ. तिने तरी काय करावं? तिने विचारलं की तिथे शेती करणारं तिसरं कोणी जाणतं माणूस आहे का.

गोरक्षच्या जिवात जीव आला. “हाय की. नानीला इचारा. जलम गेला तिचा पानी देन्यात. मला बारं मोडायला तिनंच शिकवलं.” असं म्हणून त्याने स्वतःच मोबाईल उचलून रतनबाईपुढे धरला. तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून जरा वरही केला.

रतनबाईने पदर सारखा केला. मॅडमनी आजी म्हणून नमस्कार केला आणि शब्द विचारला. म्हातारी एकदाही अडखळली नाही.

“बाजार मोडला म्हंजी काय, बाई? सपला. लगीन मोडलं म्हंजी? सपलं. तसंच ह्ये. बारं मोडलं म्हंजी पानी सपलं, घरला चला.”

मोबाईल धरलेला गोरक्षचा हात तसाच राहिला. एवढं घडीव उत्तर माणसाला जागच्या जागी सुचत नाही. दोघं घरून बोलूनच आले होते. नानी या गुडघ्यांनी पायरी चढून आली ती त्याच्यासाठी नव्हती. वैजाचा राग आला होता, तो राग तरी धरता येत होता. या बाईचं काय करावं, ते त्याला कळेना.

मॅडमना अर्थ पटला. का पटू नये? बाजार मोडतो, सभा मोडते, हे डोंबिवलीतही म्हणतात. त्या गोरक्षशी कठोरपणे बोलल्या नाहीत. म्हणाल्या, तुमचा हेतू वाईट नव्हता हे मला दिसतं, पण नियम सोडून स्वतःच्या बोलीत हुकूम दिलात आणि ऐकणाऱ्याने तो वेगळा घेतला. तुम्हाला परत घेता येणार नाही. हे उदाहरण नाव न घेता कंपनीच्या सगळ्या जहाजांवर शिकवलं जाईल, म्हणजे पुन्हा कोणी अशी चूक करणार नाही.

“शिकवा, मॅडम,” गोरक्ष म्हणाला. “इंग्रजीत बोललो न्हाई ही माजी चूक हाय, ती कबूल. पन नुसतं तेवढंच शिकवलं, तर त्यो फोन डेकवर तसाच राहील. पुढच्या टायमाला तेल सांडून भागायचं न्हाई.”

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. याचीही नोंद घेते, असं म्हणाल्या. पडदा काळा झाला.

वैजनाथ तेवढ्यात चपला शोधून रस्त्याला लागलाही होता. हाक मारायचं गोरक्षच्या मनात आलं, पण कशासाठी? अश्विनी कणीक मळता मळता दारात येऊन उभी राहिली होती. पिठाचे हात तसेच पुढे धरून तिने विचारलं, “नानी, तुमाला बारं मोडनं म्हाईत न्हाई व्हय?”

रतनबाई तिच्याशी बोललीच नाही. गोरक्षकडे वळून, समजूत घालावी तशी म्हणाली, “राग धरू नको, बाबा. त्याचं लेकरू बारकं हाय. तू काय, तुला कला हाय, तू कुटंबी भागवशील. माझा पोटचा हाय रे त्यो.”

हे शेवटचं वाक्य तिने काही लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, सहज तोंडातून गेलं. पण आजवर या बाईने दोघांत कधी पोटचा आणि बिनपोटचा केला नव्हता. निदान गोरक्षला तरी तसं वाटत आलं होतं. मोबाईलवर ती बोलली ते खोटं होतं, आत्ताचं हे मात्र खरं होतं, आणि हेच त्याला जास्त झोंबलं.

तिला एकटीने पायरी उतरता येईना, तेव्हा पुढे होऊन त्याने तिचा दंड धरला. सावकाश खाली उतरवली. भिंतीशी ठेवलेली काठी आणून हातात दिली.

“नानी, एक काम कर,” तो म्हणाला. “जहाजावर गेल्यावर त्यानं डेकवर फोन काढायचा न्हाई. तुझी आन घाल त्याला. माझ्यासाठी न्हाई म्हनत मी. जळून मरंल.”

तिने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. चार पावलं गेल्यावर ती थांबली आणि लहानपणापासून म्हणत आली तशी, मागे वळून म्हणाली, “चल, वांग्याचं भरीत केलंय. दोन घास खाऊन जा.”

आयुष्यात गोरक्षने त्या घरचं ताट कधी नाकारलं नव्हतं. आजारपणात नाही, भावकीच्या भांडणातही नाही.

“जेवलोय मी, काकू,” तो म्हणाला.

त्याच्यामागे अश्विनी पिठाचे हात घेऊन उभी होती आणि चूल अजून पेटायची होती. रतनबाईने ते पाहिलं. मग काठी टेकत ती घराकडे गेली.