उस्तादांचा मध आणि योवानाचा घागरा

चिक्लायो शहरात, बाजारामागच्या अंगणात दर सोमवारी चमत्कार किलोवर मोजून मिळत असे. अंगणाच्या मधोमध भातगिरणीतला जुना वजनकाटा होता, पोती तोलायचा. काट्याशेजारी खांद्यावर लोकरी पोंचो टाकून उस्ताद फ्लोरेन्सियो उभा राही, आणि समोर तीनचाकी हाकणारी पोरं, नर्सबाया, कॉलेजकुमार आणि एक निवृत्त फौजदार दाटीवाटीने बसलेले असत. या सगळ्यांनी व्हेप, म्हणजे विजेवरची सिगारेट, ओढणं सोडलं होतं, आणि सोडल्यापासून सगळ्यांना भुकेने पछाडलं होतं.

"व्हेपमधला धुराचा राक्षस तुम्ही हाकललात. शाब्बास," उस्ताद सांगत होता. "पण राक्षस कधी मुकाट्याने जातो का? जाताना पोटात पिल्लू सोडून जातो. तुम्ही जे खाता ना, ते तुम्ही खातच नाही. ते पिल्लू खातं."

"मग वजन त्याचं वाढायला पाहिजे, माझं कसं वाढलं?" मागे बसलेल्या विल्मेर नावाच्या पोराने विचारलं.

"कारण ते तुझ्या आत बसलंय, बाळा."

या उत्तराला काही अर्थ नव्हता, पण ते इतक्या गोड आवाजात आलं की लोकांनी माना डोलावल्या. मग उस्तादाने शिंपला काढला, त्यात पाण्यासारखा पातळ, काळपट मध ओतला आणि रांगेतल्या पहिल्या नर्सला नाकाने ओढायला लावला. हा म्हणे डोंगरातल्या पवित्र सरोवरांचा मध. शिंकून, डोळे पुसून ती काट्यावर चढली. गेल्या सोमवारपेक्षा वजन कमी भरलं. लोकांनी क्रूसाची खूण केली आणि बाटल्यांसाठी झुंबड उडाली.

झुंबडीत सर्वांत पुढे योवाना होती. तिला हसू नका, तिचं कारण साधं नव्हतं. ती मारिनेरा हा जोडीचा नाच नाचणारी, अनवाणी, हातात रुमाल घेऊन, आणि जानेवारीत त्रुहियो शहरात मोठी स्पर्धा होती. नाचाच्या शेवटच्या जलद भागात तिचा श्वास तोकडा पडू लागला होता. जोडीदार विल्मेरचा रुमाल हवेत भिरभिरायचा आणि ही बाई मधेच कमरेवर हात ठेवून धापा टाकायची. म्हणून तिने व्हेप सोडलं. मोठ्या जिद्दीने सोडलं. पण सोडल्यावर जी भूक लागली, ती काही जिद्दीला जुमानेना. हिरव्या भातातलं बदक, दुधाच्या खव्याची थराथरांची किंगकाँग मिठाई, आईच्या ताटातला उरलेला घास, काही सुटेना. आई साबिनाबाईने वर्षभर खपून शिवलेल्या घागऱ्याचा अडकवायचा आकडा कमरेवर बोटभर अंतरावरून टाटा करू लागला.

मग मध आला. पहिल्याच दिवशी भूक गेली, चिडचिड गेली, आणि काही दिवसांत आकडा लागला. साबिनाबाईने घरातल्या संतांच्या तसबिरीशेजारी उस्तादाचा फोटो लावला.

एकच पंचाईत होती. श्वास काही परत आला नव्हता. छाती धडधडे, हात थरथरत, आणि बाटली घरी विसरली तर योवाना रस्त्यातच माघारी फिरे. आता तिला दिवसात किती वेळा शिंपला नाकाला लावते हेही आठवेनासं झालं. एके संध्याकाळी तालमीत गिरकी घेताना ती भोवळ येऊन विल्मेरच्या अंगावर पडली.

"तुझी कंबर बारीक झाली आणि बुद्धीही," विल्मेर म्हणाला. "उद्या सकाळीच चल दवाखान्यात."

दवाखान्यातल्या डॉक्टर ओफेलिया अंगापिंडाने भरलेल्या, जिभेने तिखट. त्यांनी नाडी पाहिली, हातात एक पेला दिला आणि संडासाची वाट दाखवली. पेला परत आल्यावर त्यांनी त्यात एक कागदी पट्टी बुडवली.

"व्हेप कधी सोडलंस म्हणालीस?"

"झाले दोन महिने."

"मग ही लघवी कुणाची आणलीस? या पट्टीला ज्याच्या अंगात निकोटिन आहे तोच सापडतो. आणि तू तर चांगली चिंब भिजलेली आहेस."

योवानाला संताप आला, डोळ्यांत पाणीही आलं. ज्या एका गोष्टीसाठी तिने एवढा जीव काढला, त्याच गोष्टीत तिला खोटं पाडलं जात होतं. "आईची शपथ, एक झुरका घेतला नाही," ती म्हणाली. "फक्त मध घेते."

"कसला मध?"

बाटली टेबलावर आली. डॉक्टरबाईंनी बूच काढून वास घेतला. बडीशेप, फुलांचं अत्तर, गूळ. "मी जन्मात तंबाखूला शिवले नाही," त्या म्हणाल्या. स्वतःचा पेला भरून आणून त्यांनी पट्टी बुडवली. कोरी करकरीत. मग ऐटीत शिंपला नाकाला लावला. पुढच्या मिनिटाला त्या खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत ओकत होत्या. ते झाड पुढे कधी फुललं नाही. दुपारी दुसरी पट्टी बुडवली, तेव्हा तीही योवानाच्या पट्टीसारखीच बोलू लागली.

योवानाने पहिल्यांदाच बाटलीचा वास मन लावून घेतला. बडीशेपेच्या खाली काहीतरी जुनं, ओळखीचं होतं. तिचे आजोबा डोंगरातले. उपचारासाठी वेदीपुढे बसताना तंबाखूची पानं दारूत भिजवून, शिंपल्यातून नाकात ओढायचे. त्या तंबाखूला ते तंबाखूच म्हणायचे, लपवायचे नाहीत. पण घरात कुणी ती सिगारेटच्या हिशेबात धरत नसे. सिगारेट हा विकार आणि वेदीवरची ती औषध, अशीच सगळ्यांची समजूत होती.

"पण ती मंत्रलेली असते ना," ती हळूच म्हणाली.

"तुझ्या रक्ताला मंत्र ऐकू येत नाहीत, पोरी. तू व्हेप सोडलंच नाहीस. तोंडातून काढून नाकात घातलंस."

पुढच्या सोमवारी योवाना डॉक्टरबाईंना घेऊन अंगणात आली आणि बाटली हातात धरून काट्यावर चढली. तिने सगळं सांगितलं, पेल्यांसकट. अंगणात कुजबूज झाली. उस्ताद मंद हसला.

"डॉक्टरबाईंना त्यांचं दुकान चालवायचंय, माणसं ओळखा. माझं शरीर म्हणजे देऊळ आहे. त्यात तंबाखूचा कण गेलेला नाही."

"मग देवळातलं तीर्थ द्या थोडं," म्हणत डॉक्टरबाईंनी पेला पुढे केला.

"मी आत्ताच जाऊन आलो."

"आम्ही थांबू की. पाणी प्या." निवृत्त फौजदार उठून सोबत करायला तयार झाला. उस्तादाने पोंचो आवरता घेतला. तेवढ्यात ती पहिली नर्स उठली, गुपचूप डॉक्टरबाईंच्या पिशवीतला एक पेला उचलून आत गेली. तिच्यामागे तीनचाकीवाला, मग कॉलेजकुमार. बघता बघता मधाच्या रांगेपेक्षा संडासाची रांग लांब झाली. ज्यांनी मध घेतला होता त्यांची एकेक पट्टी तेच सांगत होती.

"असेल तंबाखू," शेवटी उस्ताद गुरगुरला. "पण पवित्र आहे."

"मग बाजारातल्या व्हेपवाल्यालाही सांगतो, दुकानात एक मेणबत्ती लाव," विल्मेर म्हणाला. "तुमच्या हाताखाली शाखा काढेल."

लोक हसले, आणि त्या हसण्याने उस्तादाचं पितळ जेवढं उघडं पडलं तेवढं पट्ट्यांनीही पडलं नव्हतं. पण नर्स हसत नव्हती. "फसवलं ते फसवलं," ती म्हणाली. "पण भूक तर खरी होती. ती आता परत येणार. मग आम्ही करायचं काय?"

डॉक्टरबाई काट्यावर टेकल्या, काटा करकरला. "भूक खरीच आहे. निकोटिन इतके दिवस तिचं तोंड दाबून बसलं होतं, ते उठलं की ती बोलणारच. जिभेला चव परत येते, तोंडाला नि हाताला चाळा हवा असतो, शरीरही अन्न थोडं कमी जाळतं. बऱ्याच जणांचं वजन थोडं वाढतं, मग बहुधा ठरतं. पिल्लूबिल्लू काही नाही. वेळेवर पोटभर जेवा, उपाशी राहून मग रात्री किंगकाँगवर तुटून पडू नका. तलफ आली की पाणी प्या, गाजर चावा, एक फेरी मारून या, तलफ ओसरते. अगदीच जमत नसेल तर माझ्याकडे या, अंगाला चिकटवायची औषधी पट्टी देईन."

"त्यातही निकोटिनच की," उस्ताद दारातून ओरडला.

"आहेच. पण किती आहे ते वर लिहिलेलं असतं, आणि ते आम्ही कमी कमी करत बंद करतो. तुझी बाटली कधी संपली की तू दुसरी देतोस."

पुढच्या सोमवारी अंगणात फक्त काटा होता.

योवानाचे त्यानंतरचे दिवस काही सुखाचे गेले नाहीत. ती चिडली, रडली, विल्मेरला तिने रुमालाने मारलं, आणि घागऱ्याचा आकडा पुन्हा दूर गेला. एका दुपारी ती आईसमोर घागरा टाकून बसली. "नको जाऊया त्रुहियोला. नाहीतर तो मध तरी आण."

साबिनाबाईने उस्तादाचा फोटो कधीच चुलीत घातला होता. तिने घागरा उलटा केला आणि शिवण दाखवली. आत चांगलं दोन बोटं कापड मुडपून ठेवलेलं होतं.

"हे कशाला सोडतात, माहीत आहे? माणूस वाढतं म्हणून. शहाणी शिंपीण माणसाला कापून कपड्यात बसवत नाही, बाई. कपडा उसवते."

आणि तिने उसवायला घेतलं.

त्रुहियोला योवाना जिंकली नाही. तिसरीसुद्धा आली नाही. पण शेवटचा जलद भाग आला तेव्हा ती थांबली नाही. अनवाणी पाय जमिनीवर वाजत राहिले, रुमाल वर गेला तो वरच राहिला, आणि संगीत थांबल्यावर धापा विल्मेर टाकत होता. योवानाकडे एवढा श्वास शिल्लक होता की तिने त्याला भर मैदानात घागऱ्यावर पाय दिल्याबद्दल यथेच्छ झापलं. मग दोघं जेवायला गेली, आणि ती पोट भरेपर्यंत जेवली.

तेव्हा कुणी तुमच्या भुकेला भूत म्हणाला, तर आधी विचारा, बाटलीत काय आहे. आणि वास घ्यायला नाक वापरा, ओढायला नको.