रिकाम्या कार्डावरचे सात शिक्के

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. शाळेच्या ग्रंथालयात टेबलाच्या खालच्या खणात, सुकून कडक झालेल्या शाईच्या गादीशेजारी पडून असतो. माझी गोष्ट सांगण्याआधी, मित्रांनो, ग्रंथपालबाईंना या सगळ्यातून काय मिळणार होतं ते सांगून टाकतो. ते आधी कळलं, की पुढे कोण गप्प बसलं आणि का बसलं, ते वेगळं समजवावं लागत नाही.

बाईंना एक खोली मिळणार होती. ग्रंथालयाला लागूनच होती, दोन मोठ्या खिडक्यांची. आत मोडके बाक, फाटकी जाळी आणि कुठल्याशा नाटकातला पुठ्ठ्याचा राजवाडा. बाईंना तिथे सतरंजी घालून मुलांची वाचनखोली करायची होती. नऊ वर्षं बाई ती मोठ्या सरांकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे, मागत होत्या आणि मोठे सर नऊ वर्षं "बघू" म्हणत होते. त्यात खेळाच्या सरांनीही त्या खोलीवर डोळा ठेवलेला. शेवटी मोठे सर म्हणाले, "बाई, वर्षभरात मुलांची हजार वाचनं दाखवा. खोली तुमची. नाहीतर चेंडू आणि जाळ्या तिथे जातील."

लोभ म्हणावा तर तो पोरांसाठीच होता. वाईट माणसाने केलेली गोष्ट सांगायला मला लाज वाटली नसती. ही चांगल्या माणसाने केलेली आहे आणि तीही माझ्या हाताने, म्हणजे माझ्या तोंडाने म्हणा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याची चौकट, लाकडी मूठ आणि पोटात रबरी पट्टे: एकावर तारखा, एकावर महिने, एकावर वर्षं. बारीक बोटांच्या एका बाईने ते पट्टे चाकांवर चढवले, एकदा फिरवून पाहिले आणि मला खोक्यात टाकलं. वर्षांच्या पट्ट्यावर बाराच वर्षं होती. तिथेच माझं आयुष्य मोजून ठेवलेलं होतं, पण नव्या वस्तूला असला हिशोब सुचत नाही.

या ग्रंथालयात आलो तेव्हा मला फार मान होता. बाईंची एक पद्धत होती. पुस्तक वाचून आणलं की मुलाने टेबलासमोरच्या तीन पायांच्या स्टुलावर बसायचं आणि पुस्तकातली अशी एक गोष्ट सांगायची, जी चित्रात कुठेच नाही. चित्रं तर उभ्या उभ्या चाळता येतात. सांगणारा अडखळला तरी बाई घाई करत नसत. मग माझी मूठ धरायची, गादीवर टेकवायची आणि मुलाच्या वाचनकार्डावर एक शिक्का. ठप्प. त्या आवाजाला पोरं कान टवकारायची.

शुक्रवारी शेवटच्या तासाला पुस्तकांचा दवाखाना भरे. सुटलेली पानं, तुटलेल्या पाठी, दुमडलेले कोपरे. मुलं डिंक, कापडी पट्टी आणि ब्रश घेऊन जमिनीवर बसत. "डॉक्टर, याची पाठ गेलीय," कुणी म्हणायचं. "वय झालं, आता पडून राहू दे त्याला," दुसरा म्हणायचा. हसू व्हायचं, आणि हसता हसता पुस्तक बरं होऊन जायचं.

त्या दवाखान्यात पाचवीतली एक मुलगी यायची. तिला सगळे गोगलगाय म्हणत. ओळीखाली बोट धरून वाचायची आणि बोट सुटलं की अक्षरं तिच्या डोळ्यांपुढून पळायची. एक पान वाचायला तिला एवढा वेळ लागे, की तेवढ्यात तिच्या वर्गाचा मॉनिटर एक पातळ पुस्तक संपवून नखं कुरतडत बसलेला असे. तिचं कार्ड कोरं होतं. एकही शिक्का नाही.

एका शुक्रवारी तिच्या वाट्याला एक जाडजूड पुस्तक आलं. एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची गोष्ट. वादळात जहाज भरकटतं आणि तो घरी परत निघतो. पाठ पार निखळलेली. गोगलगायीने दोन शुक्रवार घालून ती नीट बसवली आणि मग म्हणाली, "बाई, हे मी घरी नेऊ?"

"दोनशे चाळीस पानं आहेत गं."

"हो. मीच मोजून लावलीत."

बाई हसल्या आणि पुस्तक दिलं. ही वर्षाच्या सुरुवातीची गोष्ट. घरी तिची आई शिवणकाम करायची. तिने म्हणे मुलीला सांगून ठेवलं होतं, की पहिला शिक्का मिळाला की कार्ड शिलाई मशिनच्या वर, भिंतीवर लावायचं. गोगलगाय दर आठवड्याला येऊन बाईंना सांगायची, "आता तो बंदरात आलाय." "आता त्याचं भांडं कुणीतरी पळवलं." आणि जाताना एकदा माझ्याकडे बघायची. आजवर इतक्या नजरा माझ्यावर पडल्या, पण तशी नजर दुसरी नाही. तिला माझी वाट पाहायची घाई नव्हती, पण वाट मात्र ती पाहत होती.

मग हजाराचा आकडा आला आणि सगळ्यांचीच चाल बदलली. भिंतीवर तक्ता लागला. वर्गावर्गांत चुरस लागली. पातळ पुस्तकं कपाटात टिकेनात. पहिल्यांदा बाई म्हणाल्या, "बरं, चित्रातलीच एक गोष्ट सांग." मग म्हणाल्या, "नाव सांग पुस्तकाचं." मग काहीच विचारेनाशा झाल्या. स्टुलावर कागद साठले. शुक्रवारचा दवाखाना बंद पडला, कारण त्या तासाला कार्डं तपासायची असत. डिंकाच्या बाटलीचं झाकण असं घट्ट बसलं, की ते पुन्हा उघडलंच नाही.

आणि मी काय करत होतो? खरं सांगतो, मी खूश होतो. आठवड्याला पाच शिक्के मारणारा मी आता साठ मारत होतो. माझ्यावाचून पान हलत नव्हतं. मॉनिटरला तर बाई माझी मूठही धरू द्यायच्या. एवढा वर चढलो, की खाली कोण उभं आहे ते दिसेना.

मॉनिटर गोगलगायीला म्हणायचा, "तुझ्यामुळे आपला वर्ग मागे पडतोय. एखादं पातळ घे की."

"हे अर्धं झालंय."

"अर्ध्याचा शिक्का नसतो."

"माहीत आहे," ती म्हणायची आणि बोट पुन्हा ओळीखाली ठेवायची.

मुदतीचा शेवटचा दिवस आला. दुपारी बाईंनी नोंदवहीची बेरीज केली. नऊशे त्र्याण्णव. पुन्हा केली. तेवढीच. खेळाचे सर दारात डोकावून म्हणाले, "काय बाई, जाळ्या कधी आणून टाकू?" ते गमतीने म्हणाले, पण बाईंचा चेहरा उतरला.

तेवढ्यात गोगलगाय आली. पुस्तक छातीशी, कार्ड पुस्तकात. "बाई, तीनच पानं राहिलीत. घर दिसायला लागलंय त्याला. उद्या संपवून सांगायला येते. चित्रात नसलेली गोष्ट मी ठरवून ठेवलीय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे. बाकी पोरांची कार्डं दोन्ही बाजूंनी भरलेली, शिक्क्यांवर शिक्के. हे एकच कार्ड असं होतं, ज्यावर सात शिक्के सुटसुटीत मावले असते.

"दे इकडे," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी तेव्हा अडकायला हवं होतं. शिक्के अडकतात कधीकधी. चाक फिरत नाही, रबर चिकटतं, शाई उतरत नाही. मी त्या दिवशी लोण्यासारखा चाललो. सात वेळा. एका ओळीत चार, खाली तीन. आयुष्यात इतके स्वच्छ ठसे मी कधी उमटवले नव्हते. तारीख खरी होती. मी पुढे कित्येक दिवस स्वतःची तेवढ्यावरच समजूत घालत होतो. तारखेशिवाय त्यात काहीच खरं नव्हतं.

"बाई, माझं तर अजून संपलं नाही."

"संपल्यातच जमा आहे गं."

"पण सात?"

"वर्गाला मदत झाली असं समज. जा आता, उशीर होतोय."

तिने कार्ड हातात घेतलं. पहिला शिक्का मिळाल्यावर ती कशी दिसेल याचा मी वर्षभर अंदाज बांधला होता. ती तशी दिसली नाही. वाळली नसेल म्हणून तिने शाईवर फुंकर घातली, पण सवयीने घातली. मग निघून गेली. बाईंनी वहीत सात ओळी लिहिल्या. हजार.

दुसऱ्या दिवशी सभागृहात समारंभ होता. बाईंनी मला टेबलावर, फुलदाणीशेजारी ठेवलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. पाहुणे आले होते. आणि मोठ्या सरांना ऐन वेळी एक कल्पना सुचली, ज्याची बाईंना काहीच खबर नव्हती. त्यांनी नोंदवहीची शेवटची ओळ वाचली आणि माईकवर म्हणाले, "आता आपण आपल्या हजाराव्या वाचकाला वर बोलावू या."

गोगलगाय वर आली. पाहुण्यांनी कार्ड हातात घेऊन कौतुकाने विचारलं, "सात पुस्तकं. यातलं कोणतं आवडलं बाळ?"

ती माईककडे सरकली. मग हळू आवाजात, पण माईकमध्ये ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "मी एकही वाचलेलं नाही. एकाची तीन पानं राहिलीत."

आधी मागच्या रांगेतून हसू आलं, मग सगळीकडून. मॉनिटर सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि त्याच्या स्वतःच्या कार्डावर एकशे बारा शिक्के होते. मोठ्या सरांनी कार्ड नीट पाहिलं. सातही शिक्के कालच्या तारखेचे. त्यांनी पाहुण्यांकडे बघून कसंबसं स्मित केलं, मुलीला खाली पाठवलं आणि वाकून बाईंना विचारलं, "हे काय आहे?"

गोगलगायीने खाली उतरताना बाईंकडे पाहिलं. तक्रारीने नाही. बाई आता सांगतील, एवढ्याच भरवशाने.

बाई म्हणाल्या, "शिक्का टेबलावरच असतो, सर. मी आत-बाहेर करत असते."

झालं. मुलीचं नावसुद्धा घेतलं नाही आणि चोरी मात्र तिच्या माथी मारून झाली. मी फुलदाणीशेजारी बसून होतो आणि माझ्या तोंडावर अजून कालचीच तारीख होती.

तिचं कार्ड जप्त झालं. नव्या वर्षाचे पहिले दोन महिने तिला ग्रंथालय बंद, अशी शिक्षा झाली. खोलीला मात्र धक्का लागला नाही. पाहुण्यांनी तिचं दार समारंभाआधीच उघडलं होतं, आणि उघडलेलं दार परत लावायचं म्हणजे सगळ्यांचीच अडचण.

तिसऱ्या दिवशी मुलीची आई ग्रंथालयात आली. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. तिने आवाज चढवला नाही.

"बाई, माझी पोर बोटाने ओळ धरून वाचते. तिला सात खोटे शिक्के कशाला लागतील हो? तिला एक खरा पुरत होता. भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवलाय मी."

बाईंनी मान खाली घातली. आई गेल्यावर त्यांनी मला उचलून खणात टाकलं आणि त्या तडक मोठ्या सरांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा शिपाईकाकांना सांगत होत्या, "सगळं कबूल केलं मी. तर म्हणाले, आता कशाला उकरून काढता? शिक्षा मागे घेतो, विषय संपवा."

"मग सभागृहात सगळ्यांसमोर सांगणार का?" शिपाईकाकांनी विचारलं.

"नको म्हणाले."

"तुम्ही काय म्हणालात?"

बाईंनी नव्या वर्षाची कोरी कार्डं मोजायला घेतली. शिपाईकाकांनी बादली उचलली आणि ते नव्या खोलीची फरशी पुसायला गेले.

शाळा पुन्हा भरल्यावर बाईंनी गोगलगायीला बोलावलं. स्टुलावरचे कागद काढून ठेवले होते. नवं कोरं कार्ड आणलं होतं. शाईची गादी ओली केली होती. मुलगी ते जाड पुस्तक घेऊन आली, पण बसली नाही.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "तीन पानं इथे बसून वाच. मग सांग मला. किती का वेळ लागेना."

"नको बाई." तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. पाठीवरची कापडी पट्टी अजून घट्ट होती. "हे परत करायला आणलंय."

"अगं, पण तो घरी पोचला का, ते नाही का बघायचं?"

"आता नको," ती म्हणाली आणि गेली. बाई माझी मूठ धरून तशाच बसल्या. गादीवरची शाई सुकेपर्यंत.

मित्रांनो, माझ्या पट्ट्यावरची वर्षं त्यानंतर लवकरच संपली आणि मी या खणात आलो. लोक म्हणतात, जुन्या वस्तूंची निगा राखा. माझी नका राखू. राखायचीच असेल तर जो सावकाश चाललाय त्याच्या वेळेची राखा. आणि कुणी न मागितलेला शिक्का कौतुकानेसुद्धा कुणाच्या कार्डावर मारू नका. तो पुसता येत नाही. मी पुसायचा प्रयत्न झालेला पाहिलाय; कागद फाटतो.

राहिला शेवटचा हिशोब. बाईंना खोली मिळाली. तिथे आज मुलं सतरंजीवर पालथी पडून वाचतात आणि बाई दाराशी बसतात, आत फारशा जात नाहीत. मोठ्या सरांना पाहुण्यांबरोबरचा फोटो मिळाला. खेळाच्या सरांना जिन्याखालची जागा मिळाली. मॉनिटरला बिल्ला मिळाला. मला हजार शिक्क्यांची कीर्ती मिळाली, ती या खणात माझ्या काही कामाची नाही. आणि या सगळ्याची किंमत एका घराने दिली. तिथे शिलाई मशिनच्या वर एक रिकामा खिळा आहे. जहाजावरचा तो स्वयंपाकी घरी पोचला की नाही, हे त्या घरातल्या मुलीला अजून माहीत नाही. मी सांगितलं असतं, पण मला फक्त तारखा येतात.