गच्चीची किल्ली

"म्हणजे खाली उभे राहून तुम्ही वरचं सगळं पाहिलंत," श्रीनिवास जोशी म्हणाले. "दिव्यदृष्टी आहे. आम्हाला कल्पना नव्हती."

वारज्यातल्या त्या सातमजली इमारतीत, तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी दोघे उभे होते. जोशी सोसायटीचे सचिव. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षे झाली, तरी कागद धरायची रीत अजून खात्यातलीच होती: दोन बोटांत, पुराव्यासारखा. आत्ता त्या बोटांत लिफ्टच्या देखभालीचे कार्ड होते. ब्रेक, दोर, तेल, आणि प्रत्येकापुढे 'ठीक'. खाली आजची तारीख आणि मेकॅनिकची सही.

"चौथ्या मजल्यावर आचके देते म्हणून लिफ्ट मीच सकाळी बंद केली. जिना तुम्ही चढला नाहीत. मग गच्चीवरच्या मशीनरूमपर्यंत पोचलात कसे?"

समोर उभा मेकॅनिक म्हणजे महिपती खंडारे. बावन्न वर्षांचा हा माणूस वाशीमकडून पुण्यात आला त्याला तीस वर्षे झाली होती. अडतीस इमारतींच्या गच्च्यांच्या किल्ल्या त्याच्या कमरेच्या जुडग्यात होत्या, आणि अडतीस लिफ्टमध्ये 'अडकल्यास फोन करा' या ओळीखाली त्याचाच नंबर चिकटवलेला होता.

"जातो जी आता," तो म्हणाला.

"जा. आणि खरोखर जा."

तो चढू लागला. सकाळी घेतलेला दारूचा घोट अजून छातीत धुमसत होता. दीड महिन्यापूर्वीची ती दुपारही पायऱ्यांगणिक त्याच्यासोबत चढत होती. दुसऱ्याच एका इमारतीच्या गच्चीवर, बरीच पिऊन झाल्यावर, तो कठड्यापाशी फार वेळ उभा राहिला होता. ऊन पांढरे झाले होते आणि शहर कोणीतरी पुसून टाकल्यासारखे दिसत होते. तेवढ्यात फोन वाजला. खाली लिफ्टमध्ये एक बाई अडकली होती. तिला सोडवायला म्हणून तो मागे फिरला.

हे त्याने फक्त सरकारी दवाखान्यातल्या नीरजा मॅडमना सांगितले. त्यांनी औषधे सुरू केली आणि मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिले. ते रोज सकाळी विचारी: काल प्यालात का? जीव नकोसा वाटला का? आत्ता सुरक्षित आहात का? महिपती रोज नऊ वाजता, स्कूटर सुरू करण्याआधी, सगळी उत्तरे ठीकठाक भरून टाकी. तीस वर्षे कार्डे भरणाऱ्या हाताला याहून वेगळे काही सुचत नव्हते. त्या दुपारनंतर तो एकाही गच्चीवर गेला नाही. कार्डे मात्र अडतीसही भरत राहिली.

सातव्या मजल्यावर येऊन तो थांबला. वर आणखी दहा पायऱ्या, मग गच्चीचे दार. दाराखालच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती. ती रेघ त्याला ओळखत होती.

तो पायरीवर बसला. जोशींच्या फोनमुळे आज घाईत निघाला होता, त्यामुळे आजचे प्रश्न अजून भरायचे होते.

काल प्यालात का? हो. जीव नकोसा वाटला का? हो. तिसऱ्या प्रश्नावर अंगठा बराच वेळ थबकला. मग त्याने 'नाही' दाबले.

पडद्यावर एक मोठे बटण आले: तुमच्या माणसाला फोन करा. त्याने ते दाबले. कानात तुटक तुटक टूं-टूं वाजू लागले. त्याने नंबर पाहिला. अडतीस लिफ्टमध्ये चिकटवलेले तेच दहा आकडे. 'संकटात कोणाला फोन लावाल?' असे ॲपने पहिल्या दिवशी विचारले तेव्हा हाताने आपल्या सवयीचे उत्तर लिहिले होते.

तो टूं-टूं संपेपर्यंत ऐकत राहिला. मग जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी खाली उतरला.

"इतक्यात झालं?" जोशींनी विचारले.

"नाही गेलो साहेब. दीड महिना झाला, कोणत्याच गच्चीवर गेलो नाही. भेव वाटते."

"उंचीचं? तीस वर्षांनी?"

"उंचीचं नाही जी. माझं."

जोशींनी कार्डाची घडी घातली. त्याला तळमजल्यावरच्या आपल्या घरात नेले, खुर्ची दिली, तांब्याभर पाणी ठेवले. मग मोबाईल मागून घेतला आणि चष्मा कपाळावर चढवून पाहिला.

"हा तुमचाच नंबर आहे."

"हो जी."

"स्वतःच्या नंबरावर फोन लागत नाही, महिपती. आमच्या खात्यात हे पहिल्या दिवशी शिकवायचे."

कोणी हसले नाही. पण महिपतीचा श्वास कितीतरी वेळाने खोल गेला.

"खाली दवाखान्याचा नंबर आहे, तो लावा. मी इथेच बसतो." जोशींनी कानातले यंत्र काढून टेबलावर ठेवले. "आता मला काही ऐकू येत नाही. बोला मोकळेपणानं."

नीरजा मॅडमनी फोन उचलला. कुठे आहात, सोबत कोण आहे, हे आधी विचारले. आत्ताच या म्हणाल्या, घरच्यांना घेऊन. महिपतीने मग बायकोला, कौशल्याला, फोन लावला. तिला एवढेच म्हणाला, "रिक्षा करून ये. सांगतो."

जोशींनी यंत्र कानात घातले. "तो वरचा नंबर खोडा. माझा घ्या." टेलिफोनवाल्यांच्या पद्धतीने त्यांनी एकेक आकडा सुटा सांगितला. "दुपारी एक ते चार मी झोपतो," सवयीने तोंडातून निघाले. ते थांबले. "तरी करा."

"साहेब, ही किल्लीपण ठेवा."

जुडग्याचे कडे घट्ट होते. किल्ली सोडवताना महिपतीचे नख तुटले. जोशींनी ती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली.

"लागेल तेव्हा माझ्याकडे मागायची. मी सोबत चढेन. गुडघे माझे आहेत, त्यांची चिंता तुम्ही करू नका."

"लिफ्टचं?"

"तुमच्या जोडीच्या त्या मेकॅनिकला, उत्तरेश्वरला बोलवू. तोवर बंद. लोकांना पाय आहेत."

त्यांनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिले, 'लिफ्ट बंद आहे. कारण विचारू नये.' आणि ती पाटी स्वतः जाऊन लिफ्टच्या दाराला लावली.

महिपतीने कार्ड मागून घेतले. तिन्ही 'ठीक' खोडले. शेऱ्याच्या रकान्यात, जिथे तीस वर्षांत त्याने कधी काही लिहिले नव्हते, सावकाश लिहिले: गच्चीवर गेलो नाही. तपासणी बाकी. खाली सही केली. कमरेला अजून सदतीस किल्ल्या होत्या. सदतीस दारांशी हेच सांगायचे होते.

फाटकाशी रिक्षा थांबली. कौशल्या आत आली आणि लिफ्टपाशी उभी राहून ती पाटी वाचू लागली. महिपती खुर्चीतून उठला. तिने विचारायच्या आधी त्याला सांगायचे होते.