घरचा कापूस

परवान्यावर अफू देणारं दुकान बंद झालं, तेव्हापासून अकोल्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात काम करणारा पुंजाराम चोरटी अफू पाण्यात उकळून मांडीत टोचून घेई. सुई तुंबू नये म्हणून ते पाणी कापसाच्या बोळ्यातून ओढावं लागे. बोळा त्याची बायको केशरबाई करून द्यायची. बाजारातल्या कापसाला, ती म्हणे, कोणाकोणाचे हात लागलेले. हा तिच्या माहेरच्या वावरातला, तिनंच वेचलेला. त्या कापसाच्या गाठोड्यावर पावसात छत गळलं होतं. तिनं वरचा ओला थर काढून टाकला आणि बाकीचा तसाच ठेवला.

१९६१ च्या ऑगस्टात एका सकाळी पुंजारामनं तिला हाक मारली.

"केशर, हा कोन येऊन झोपला इथं?"

"कोन?"

"हा हात पाह्य ना." त्यानं उजव्या हातानं आपलाच डावा हात उचलून बाजूला ठेवला. "थंडा हाय. जाऊ दे त्याले घरी. त्याची बायको वाट पाहत असंन."

"तुमचाच हाय तो. सकायी सकायी मस्करी सुचते!"

तो हसला. तोंड एकाच बाजूला गेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही नशा? सुई वगैरे?"

"नाही जी," केशरबाई म्हणाली. पोलिसांच्या भीतीनं टोचायची पिचकारी तिनं पिठाच्या डब्यात लपवली होती.

पाच दिवस अर्धांगवायूचे उपचार झाले. सहाव्या दिवशी अंग पुसताना नर्सला मांडीवरचे सुईचे डाग दिसले. डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातून पाणी काढलं आणि त्यात काही वाढतं का ते पाहायला त्याचे थेंब काचेच्या बशीत ठेवले. तीन दिवसांनी त्यांनी ती बशी केशरबाईला दाखवली. आत पांढरे, मऊ तंतू काठोकाठ भरले होते. झाकण किंचित वर उचललं गेलं होतं.

"बुरशी आहे. मेंदूत वाढते आहे. कुठून आली असेल, बाई?"

केशरबाई बशीवर वाकली.

"घरचा कापूस हाय हा," ती म्हणाली. "मीच देत होती." मग तिनं सगळं सांगितलं.

औषध मुंबईहून यायला चार दिवस लागणार होते. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर ते एव्हाना आलं असतं, एवढंच डॉक्टर बोलले.

औषध मागवल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी पुंजारामनं डोळे उघडले.

"त्या हातवाल्याची बायको आली का वं?"

केशरबाईनं तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आली."

"मंग घेऊन जाय म्हना त्याले."

औषधाची पेटी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. पुंजारामची खाट तेव्हा धुऊन झाली होती.