चण्यांचं पातेलं

मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास, वसईजवळच्या उमेळ्यातल्या एका आळीत तिठ्यावरच्या क्रुसापुढे ख्रिस्ती लोकांची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू होती. तेवढ्यात मोटारसायकलींवरून दहा-बारा तरुण आले. त्यांनी क्रुसावरचे हार तोडले आणि उकडलेल्या चण्यांचं पातेलं लाथेनं उलटं केलं. मध्ये पडलेल्या लूर्डस लोपीस यांना ढकललं गेलं. त्या क्रुसाच्या पायरीवर आपटल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं.

घडलं ते एवढंच. पुढच्या पाच दिवसांत या एवढ्याशा गोष्टीचं ज्यानं-त्यानं काय केलं, ते मात्र नीट सांगायला हवं.

मे महिना आला की त्या आळीत रोज संध्याकाळी क्रुसापाशी रोझरी होते. प्रार्थना संपली की खोबऱ्याचे काप घातलेले उकडलेले चणे वाटतात. तिथून जो जाईल त्याच्या ओंजळीत चणे पडतात. तो कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. क्रुसाला घालायची सोनचाफ्याची फुलं समोरच्या वाडीतून येतात आणि ती वाडी हिंदूंची आहे. त्या वाडीतल्या मनोरमाबाईंच्या सासूपासून हा रिवाज चालत आला. त्या रविवारीही मनोरमाबाई फुलं देऊन तिथेच उभ्या होत्या, हातात चणे घेऊन. आळीतली पोरंही होती, दोन्हीकडची. त्या पोरांकडे बोट दाखवूनच एक जण ओरडला होता, "चणे चारून पोरं बाटवता काय?"

मनोरमाबाईंचा मुलगा सिद्धेश 'किनारपट्टी' नावाच्या स्थानिक दैनिकात उपसंपादक. त्या रात्री पाळी त्याचीच होती. त्यानं पोलीस ठाण्यात फोन लावला, ठाणे अंमलदारानं सांगितलं ते ऐकलं आणि चार ओळी लिहिल्या. 'उमेळे येथे दोन गटांत बाचाबाची. एक महिला किरकोळ जखमी. परिस्थिती नियंत्रणात.' धर्माचा प्रश्न आला की 'किनारपट्टी'त समाजाचं नाव छापत नसत. दोन गट म्हणायचं आणि पुढे जायचं, ही तिथली जुनी शिस्त. गाव ओळखीचं, आळी स्वतःची, तरी घरी एक फोन करावा असं काही त्याच्या मनात आलं नाही.

सकाळी मनोरमाबाईंनी पेपर वाचला. चष्मा काढून ठेवला. सिद्धेश चहाला बसला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "यातल्या कुठल्या गटात होते रे मी?"

"म्हणजे तू तिथे होतीस?"

"फुलं काय आपोआप चालत जातात तिकडे? एक गट प्रार्थना करत होता. दुसऱ्यानं येऊन बाईचा हात मोडला. याला बाचाबाची म्हणतात तुमच्या ऑफिसात?"

सिद्धेशनं समजावलं, की नावं छापली तर दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी पेटतं, नियम उगाच झालेला नाही. तो नियम एके काळी खरंच शहाणपणाचा होता. पण आईनं कप उचलून नेला आणि चहा बेसिनमध्ये ओतला. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही.

मंगळवारी दुपारी भलतंच सुरू झालं. दूरच्या एका देशातल्या संकेतस्थळानं 'वसईत चर्च जाळलं, शेकडो ख्रिस्ती बेघर' अशी बातमी दिली. सोबत रविवारच्या हल्ल्याची मोबाईलवरची चित्रफीत आणि एका जळत्या इमारतीचा फोटो. ती इमारत वसईतली नव्हतीच. तिथल्या एका खासदारानं, वसई नकाशावर कुठे आहे हेही ठाऊक नसताना, भारतावर निर्बंध घालण्याची मागणी केली. संध्याकाळपर्यंत आपल्याकडच्या वाहिन्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. 'परदेशी कट उघड.' पडद्यावर आठ माणसं एकमेकांवर भुंकत होती. त्यांतल्या एकानंही लूर्डसचं नाव घेतलं नाही. बुधवारी पोलिसांनी लूर्डसच्या नवऱ्याला, क्लेमेंटला, ठाण्यात बोलावून दिवसभर बसवून ठेवलं. प्रश्न एकच, चित्रफीत बाहेर कुणी पाठवली? हात कुणी मोडला, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. लूर्डसची तक्रार अजून साधा अर्ज म्हणून टेबलावर पडून होती. उलट तिच्या मुलावर, कॉन्रॅडवर, देशाची बदनामी केल्याचा गुन्हा दाखल होणार अशी कुजबुज सुरू झाली.

'किनारपट्टी'चे संपादक जयवंतराव सिद्धेशला म्हणाले, "पहिल्या पानाचा मथळा घे. उमेळे प्रकरणी परदेशी हात, पुढे प्रश्नचिन्ह."

"हात आहे का, सर?"

"म्हणून तर प्रश्नचिन्ह. ठाऊक असतं तर पूर्णविराम दिला असता."

मथळा न लिहिताच सिद्धेश बुधवारी संध्याकाळी लोपिसांच्या घरी गेला. गेला तो रागातच. एका पोराच्या आगाऊपणामुळे गावाची जगभर छी-थू झाली, असं त्याच्या मनात होतं. लूर्डस पडवीत बसली होती, हात प्लास्टरमध्ये. क्लेमेंट ठाण्यातून नुकताच परतला होता आणि भिंतीकडे बघत होता. सिद्धेशनं कॉन्रॅडला सरळ विचारलं, चर्च जळाल्याचं खोटं कुणी पसरवलं?

"ते मी नाही लिहिलं," कॉन्रॅड म्हणाला. "कॅनडातल्या मावसभावाला फक्त व्हिडिओ पाठवला. पुढे तिकडच्यांनी काय केलं ते त्यांना विचार. पण त्याच्याआधी मी तो तुलाच पाठवला होता, सिद्धेशदादा. रविवारी, आईला दवाखान्यात नेलं तेव्हाच."

सिद्धेशनं मोबाईल काढला. चित्रफीत तिथे होती. पातेलं, पायरी, लूर्डसची किंकाळी, तीन-चार चेहरे लख्ख उजेडात. कोपऱ्यात फुलांची परडी धरलेली त्याची आई. आणि खाली त्याचं स्वतःचं उत्तर: 'पाहतो.' त्यानं ती उघडलीसुद्धा नव्हती.

मग लूर्डस बोलली. "तू लिहिलं असतंस तर या पोराला तो बाहेर पाठवायची काय गरज होती? आम्हाला कुठल्या खासदाराचं पत्रक नको, बाबा. तो उद्या दुसऱ्या देशाबद्दल बोलेल, आम्ही इथेच राहणार. चर्च जाळलं म्हणणाऱ्यांनी तर माझा हातच खोटा पाडला. आता सगळे म्हणतात, चर्च कुठे जळलंय? म्हणजे हेही नाटकच. तिकडच्यांनी वाढवून सांगितलं, इकडच्यांनी दाबून टाकलं. मधलं खरं सांगायला शेजारी हवा होता."

सिद्धेश घरी आला तेव्हा आई उंबऱ्यावर होती. त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "परक्यांनी खोटं सांगितलं म्हणून आपल्याला राग येतो, आणि यायलाच हवा. पण आपल्या आळीतल्या बाईचा हात मोडला तेव्हा हा राग कुठे गेला होता? चल, गाडी काढ."

ठाण्यात अधिकाऱ्यानं खुर्ची दिली आणि गोड आवाजात विचारलं, "आजी, तुम्ही आपल्यातल्या. तुम्ही कशाला यात पडता?"

"मी तेव्हाही तिथेच उभी होते," मनोरमाबाई म्हणाल्या. "ते चणे मी लग्न होऊन आल्यापासून खातेय. चण्यांनी माणूस बाटत असेल तर आधी माझी तक्रार घ्या, की मला बाटवलं. आणि बाटत नसेल तर लूर्डसची घ्या. एक काहीतरी लिहिल्याशिवाय मी उठत नाही."

त्या उठल्या नाहीत. रात्री उशिरा गुन्हा नोंदवला गेला आणि साक्षीदार म्हणून मनोरमाबाईंचा जबाब झाला.

सिद्धेशनं बातमी लिहिली. प्रार्थना ख्रिस्ती लोकांची होती, हल्ला एकाच बाजूनं झाला, चर्च जळालेलं नाही, परदेशी संकेतस्थळाचा फोटो खोटा आहे, आणि सोमवारी 'किनारपट्टी'नं दोन गट असं छापलं तेही खोटं होतं. जयवंतराव शेवटच्या वाक्यावर अडले. आपल्याच पेपराला खोटं म्हणायचं? नियमाचं काय?

"सर, नियम दंगल टाळण्यासाठी होता," सिद्धेश म्हणाला. "नाव लपवून या वेळी आपण फक्त हल्ला करणाऱ्यांना वाचवलं. खोटारड्या परदेशी बातमीला जागा आपणच रिकामी करून दिली. ते वाक्य गाळायचं तर माझं नावही गाळा."

जयवंतरावांनी कागद पुन्हा वाचला. मग वाक्य तसंच ठेवलं. बातमी शुक्रवारी पहिल्या पानावर आली, प्रश्नचिन्हाशिवाय.

वाचकहो, बाहेरच्यांनी आपल्या घरात डोकावू नये असं आपल्याला वाटतं, आणि ते रास्तच आहे. पण त्यासाठी घरात मार खाणाऱ्याचं आधी घरातल्यांनी ऐकायला हवं. आपल्या गावात संख्येनं थोड्या असलेल्या लोकांवर अन्याय झाला, तर त्याची पहिली बातमी आपल्या पेपरात आणि पहिली साक्ष शेजाऱ्याची असली पाहिजे. ते आपण करत नाही तोवर परदेशी हाताच्या नावानं बोंब मारायचा आपल्याला काही अधिकार नाही!

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी क्रुसापुढे रोझरी झाली. दोन पोलीस उभे होते. फुलं वाडीतूनच आली. पातेलं पुन्हा भरलं होतं. पण आळीलगतच्या नव्या इमारतींतल्या काही आयांनी आपली पोरं हाक मारून परत बोलावली. लूर्डस डाव्या हातानं चणे वाटत होती.

चित्रफितीत चेहरे स्वच्छ दिसत असताना गुन्हा अनोळखी इसमांवर दाखल आहे. कॉन्रॅडचा मोबाईल पोलिसांच्या ताब्यात आहे. आजपर्यंत कुणालाही अटक झालेली नाही.