अर्ध्या कोयत्याची हजेरी

बायको मनकर्णा गेल्याचं आश्रुबाला उसाच्या फडात कळलं. तापानं फणफणली म्हणून तिला सकाळी दवाखान्यात नेलं होतं. दुपारी मुकादम त्रिंबक बांधावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आश्रुबा, हातातलं ठेव खाली."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस अर्धा. गावी सिरसाळ्याला तेरावं उरकून आश्रुबा फडावर परतला, तर मुकादमाच्या मोबाइलमधलं हजेरीचं ॲप त्याला घेईना. 'कोयता अपूर्ण. जोडीदार निवडा.' हजेरी नाही तर काम नाही.

"कुण्या बाईचं नाव टाकू का? नावापुरतं," त्रिंबक म्हणाला.

"मनकर्णाच्या जागी? न्हाई."

"आरं, ॲपच्या कंपनीला सहादा फोन केला. बदल व्हत न्हाई म्हणत्यात. समद्या टोळ्या त्यांच्याच ॲपवर हायत, त्येंना काय गरज?"

"मग ऱ्हाऊ दे काम."

पुतणी स्वप्नाली बीडला कॉम्प्युटर शिकत होती. तिनं हजेरीचा एक खुला प्रोग्राम उतरवला. कुणीही फुकट घ्यावा, आतला कोड वाचावा, हवा तसा बदलावा, असा. ऊसतोडीला बसेल असा करून ती रविवारी फडावर आली. आश्रुबानं आपलं नाव टाकलं. पडद्यावर आलं, 'जोडीदाराचं नाव भरा.'

"तू बी त्येच केलंस की गं!"

ती ओशाळली. "काका, कोयता म्हंजी दोघं, हेच ऐकत आले. दुसरं डोक्यातच आलं न्हाई."

त्रिंबक हसला. "झाली का ही बी कंपनी!"

"त्यांच्या कोडला कुलूप हाय, मुकादम. ह्याला न्हाई." तिनं तिथंच लॅपटॉप उघडला. चुलीवरचा चहा उकळेस्तोवर काम झालं. 'आश्रुबा. हजर.' त्रिंबकानं मग सगळ्या टोळीची हजेरी याच प्रोग्रामवर घेतली.

केलेला बदल तिनं सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढच्या हंगामात पाटोद्याच्या टोळीनं तो घेतला आणि एकट्या बायांची नावं लावली. तिसऱ्या हंगामात त्यावरच्या टोळ्या एकोणीस झाल्या, तेव्हा कंपनीचा माणूस गाडी घेऊन आला. आता आमच्यातही एकट्याचं नाव चालतं, परत या, म्हणाला.

"आता कावून?" आश्रुबा म्हणाला. "मुकादमानं सहादा फोन केला, तवा व्हत नव्हतं. आमी उठून गेलो तर झालं व्हय? जावा सायेब. आमचं आमी बघतो."

तेलगावकडच्या टोळ्या अजून कंपनीच्याच ॲपवर आहेत. आणि तोडीवर असताना जी माणसं गेली, त्यांची नोंद करायची जागा नव्या प्रोग्राममध्येही अजून झालेली नाही.