तबकातला भत्ता

दानाचे तबक बाकाबाकांवरून फिरत व्हर्ना हॅस्केटपाशी आले, तशी तिने हातमोज्यात घडी करून ठेवलेली नोट त्यात अलगद सोडली. तबक धरणारा ड्वाइट लेमास्टर खाली वाकला. तो चर्चचा खजिनदार, आणि शाळेपासूनचा तिचा सोबती.

"टाक, टाक," तो कुजबुजला. "फिरून तुझ्याच घरी यायचीय ती."

"मेल्या, देवाच्या दारात तरी गप्प बस."

पण ड्वाइटचे खोटे नव्हते. ओहायो नदीकाठच्या त्या गावातली कागदाची गिरणी बंद पडली, माणसे पोटामागे निघून गेली, आणि रिकाम्या होत चाललेल्या चर्चने व्हर्नाला कामावरून कमी केले. ऐन तारुण्यापासून ती तिथला भिंतभर उंच नळ्यांचा ऑर्गन वाजवत होती आणि कचेरीही सांभाळत होती. आता तिला राज्याकडून बेकारी भत्ता मिळे. त्यासाठी इतर मालक दरवर्षी राज्याच्या निधीत वर्गणी भरतात. माणसे फार काढली की त्यांची वर्गणी चढते. चर्चने मात्र पूर्वीच दुसरी वाट धरली होती. वर्गणी भरायची नाही, पण आपला माणूस बेकार झालाच, तर राज्य त्याला देईल ते मागाहून भरून द्यायचे. तेव्हाच्या पाद्रींना वाटले असेल, आपल्याकडे कोण कोणाला काढतोय!

त्यामुळे व्हर्नाची नोट तबकातून राज्याकडे जाई आणि राज्याकडून पुन्हा व्हर्नाकडे येई. या गिरकीचे तिला कधी हसू येई, कधी रडू.

दान गोळा झाले की उभे राहून एक छोटे स्तोत्र म्हणायचे. पाद्रींच्या बायकोने दोन बोटांनी ऑर्गन चाचपला. व्हर्नाची बोटे पुढच्या बाकाच्या पाठीवर आपोआप चालू लागली. रंगीत काचेतून उतरलेला निळा उजेड तिच्या नखांवर पडला होता. आपण पाण्याखाली बसून वाजवतो आहोत, असे तिला वाटले. भत्ता चालू असताना फुकट वाजवायलाही ती धजत नव्हती. ही तर कामावरच आहे, असे कोणी म्हणाले तर?

नंतर तळघरात सगळे कॉफी घेत असताना ड्वाइट तिच्याशेजारी येऊन बसला आणि नुसता केक खात राहिला.

"बोल आता, केक संपला," व्हर्ना म्हणाली.

"भत्त्याची मुदत वाढवलीय राज्यानं. बेकारी फार झालीय ना! तुझी मुदत संपत आलीय, पण अर्ज केलास तर हिवाळाभर मिळेल."

"मग तोंड का असं सुतकी?"

"वाढीव भत्त्यातला निम्मा वॉशिंग्टनचं सरकार देतं. उरलेला निम्मा आपल्या चर्चच्या डोक्यावर. आणि तिजोरीत खडखडाट आहे, व्हर्ना. कोलंबस शहरातला एक जण ऑर्गन विकत मागतोय."

तिने कप खाली ठेवला. "मी अर्ज नाही केला तर?"

"तर राहील ऑर्गन. आणि भत्ताच नाही म्हटल्यावर तुला कोण अडवतंय? सकाळ-संध्याकाळ वाजव की." बोलून गेल्यावर त्याचे कान लाल झाले. "मी मागत नाहीये गं काही. हक्क आहे तुझा."

"मागत नाहीस, नुसता दाखवतोयस. पोराला खाऊ दाखवावा तसा."

राग आला खरा, पण तो खाऊ मनातून जाईना. नदीवर दिवसभर धुके असे आणि धुक्यातून तिला ऑर्गनचा खर्ज ऐकू येई. दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाजवत बसे. नाहीतरी या वयात काम कोण देणार? किराणावाल्याने आणि दवाखान्याने 'कळवतो' म्हणून तिला कधीच वाटेला लावले होते. अर्ज करायचाच नाही, असे तिने जवळजवळ ठरवले.

पहाटे तिला स्वप्न पडले. रिकाम्या चर्चमध्ये ती कोट घालून वाजवत होती. सूर इतका गोड लागला होता, की नदी उठून दारातून आत आली आणि गुपचूप बाकांवर बसली. व्हर्नाला जाग आली ती दात वाजल्याने. तेल संपून शेगडी विझली होती. भांडी भिजत घातलेल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. कोटाची बटणे लावायला गेली, तर बोटे वळेनात. वेड्यासारखी ती त्या बोटांकडे बघत राहिली. ही बोटे काय वाजवणार?

सकाळी जाऊन तिने अर्ज केला. परतताना नदीकाठी थांबून ती मनसोक्त रडली. आपण तो ऑर्गन एकेक नळी मोडून खाणार, असे तिला वाटत होते.

गोधड्यांत गुंडाळून ऑर्गनच्या नळ्या गाडीत चढल्या, तेव्हा ती बघायला गेली नाही. रविवारी मात्र गेली आणि मागच्या बाकावर बसली. नळ्या होत्या तिथे भिंतीवर फिकट पट्टे उरले होते. तबक आले. ड्वाइटने आज थट्टा केली नाही.

"घर गरम आहे ना?" एवढेच त्याने विचारले.

"आहे."

तिने नोट टाकली. सगळे उभे राहिले, पण स्तोत्र सुरू होईना. कोणीतरी फार वरचा सूर धरला आणि खोकून सोडून दिला. मग एकेक मान मागे वळू लागली. त्या नजरांत राग असेल, या धास्तीने व्हर्नाने बाकाची पाठ घट्ट धरली. पण माणसे नुसती वाट बघत होती. तिने डोळे मिटले आणि ओठ न उघडता हलकेच सूर दिला.

तबक हातात तसेच धरून ड्वाइटने तो आधी उचलला, नेहमीसारखाच जरा बेसूर, आणि मग बाकीच्यांनी.